रशियाला निघालात? आधी वाचा, मग सही करा

महिन्यातून दोन-तीनदा तरी मला महाराष्ट्रातून फोन येतो. कधी लातूरहून एखादी आई असते, लेकीला मेडिकलला पाठवायचंय म्हणून काळजीत पडलेली. कधी पुण्याचा इंजिनिअर, कंपनीने दोन वर्षांसाठी पाठवलेला. कधी एखादा तरुण, ज्याला एजंटने "गोदामात काम आहे, पगार लाखाच्या वर" असं सांगितलंय. प्रश्न मात्र सगळ्यांचे सारखे असतात. थंडी सोसेल का? जेवणाचं काय? तिथले लोक रागीट असतात का? युद्ध चालू आहे, जावं की नाही?

मी गेली नऊ वर्षं मॉस्कोत राहते आणि भाषांतरावर पोट भरते. करार, दाखले, डॉक्टरांचे कागद, असं सगळं हाताखालून जातं. त्यामुळे मला या देशाचा अनुभव दोन ठिकाणी आला, कागदावर आणि लोकांच्या स्वयंपाकघरात. दोन्हीकडे अडचणीत तेच सापडले ज्यांना समोरचं वाचता येत नव्हतं. म्हणून थंडीचा प्रश्न मागे ठेवते आणि वाचण्यापासून सुरुवात करते.

पायरी १: निघण्याआधी लिपी शिका

रशियन भाषा शिकायला वर्षं लागतात, लिपी शिकायला आठवडा पुरतो. एकूण ३३ अक्षरं आहेत. गोंधळ एवढाच होतो की काही अक्षरं इंग्रजीसारखी दिसतात पण उच्चार वेगळा असतो. इंग्रजी पी सारखं दिसतं ते 'र', एच सारखं दिसतं ते 'न', सी सारखं दिसतं ते 'स', बी सारखं दिसतं ते 'व'. मी पहिल्या दिवशी एका दुकानावरची पाटी 'पेक्टोपाह' अशी वाचली होती. ते 'रेस्तोरान' होतं, म्हणजे रेस्टॉरंट.

मराठी माणसाला इथे काही गोष्टी आयत्या मिळालेल्या आहेत, त्या वापरा. 'चमचा' मधला च आणि 'जाऊ' मधला ज आपल्या तोंडात बसलेला असतो. रशियनमध्ये यांच्या जवळचे आवाज सतत लागतात. आपल्याला तीन लिंगं माहीत आहेत, त्यांच्याकडेही तीनच. तो होता, ती होती, ते होतं, याला ते बील, बिला, बिलो म्हणतात. मी गेलो आणि मी गेले यात आपण जसा बोलणाऱ्यानुसार फरक करतो तसाच तेही करतात. शाळेत विभक्ती पाठ केलेल्या असतील तर त्यांच्या सहा विभक्त्या पाहून घाबरायचं कारण नाही. इंग्रजीतून रशियन शिकवणाऱ्या पुस्तकांत हे सगळं फार अवघड म्हणून मांडलेलं असतं. मराठीतून विचार करा, निम्मी वाट तिथेच सरते.

पायरी २: कोण बोलावतंय आणि कशासाठी, हे कागदावर पाहा

फिरायला येणाऱ्यांसाठी ई-व्हिसा आहे. भारतीयांना तो १ ऑगस्ट २०२३ पासून मिळतो. सध्याच्या नियमानुसार त्यावर ३० दिवसांपर्यंत राहता येतं. त्यावर नोकरी करता येत नाही आणि शिकताही येत नाही. "आधी ई-व्हिसावर या, तिथे आल्यावर वर्क परमिट करून देऊ" असं कोणी म्हणालं तर तिथेच फोन ठेवा. पकडलं गेलं तर देशाबाहेर काढतात आणि पुढची काही वर्षं प्रवेश बंद होतो.

नोकरीसाठी कंपनीच्या निमंत्रणावर वर्क व्हिसा आणि परमिट लागतं. ते त्या कंपनीपुरतंच असतं, मनात आलं म्हणून दुसरीकडे रुजू होता येत नाही. इथे 'पतेंत' नावाचा परवाना बराच ऐकू येतो, पण तो उझबेकिस्तान, ताजिकिस्तानसारख्या व्हिसा न लागणाऱ्या देशांच्या लोकांसाठी आहे, आपल्यासाठी नाही. मोठ्या पगाराच्या तज्ज्ञांसाठी वेगळी सोपी वाट आहे. मार्च २०२४ पासून तिची अट तिमाहीला किमान साडेसात लाख रुबल पगार अशी आहे. हे परमिट तीन वर्षांपर्यंतचं मिळतं.

आता जे सांगते ते घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. २०२३ पासून अनेक भारतीय तरुणांना मदतनीस, स्वयंपाकी, सुरक्षारक्षक अशा कामांच्या नावाखाली आणून रशियन सैन्याच्या करारावर सह्या घेतल्या गेल्या. त्यातले काही जण आघाडीवर मारले गेले. मार्च २०२४ मध्ये सीबीआयने अशा एजंटांवर गुन्हा नोंदवला, आणि त्याच वर्षी जुलैत पंतप्रधानांनी मॉस्को भेटीत हा विषय काढला. तरीही एजंट थांबलेले नाहीत. करार रशियनमध्ये असतो, समोरचा घाई करत असतो आणि मुलगा घाबरलेला असतो. म्हणून हे शब्द पाठच करा. नोकरीच्या कराराच्या डोक्यावर 'त्रुदोवोय दोगोवोर' असं लिहिलेलं असतं. कागदावर कुठेही 'वोयेन्नाया स्लुझ्बा' दिसलं तर त्याचा अर्थ लष्करी सेवा. 'मिनिस्तेर्स्त्वो ओबोरोनी' म्हणजे संरक्षण मंत्रालय. यातलं काहीही दिसलं तर पेन खाली ठेवा, कागदाचा फोटो काढा आणि भारतीय दूतावासाला फोन लावा. हा करार एकदा केला की हवं तेव्हा सोडून घरी जाता येत नाही. पगाराच्या आकड्याकडे बघून कोणी मन वळवू नये.

मेडिकलच्या मुलांसाठी वेगळी तपासणी आहे. 'नीट' परीक्षा उत्तीर्ण असणं बंधनकारक आहे. आपल्या राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा हवा, शिक्षण इंग्रजीत हवं आणि १२ महिन्यांची इंटर्नशिप त्याच विद्यापीठात व्हायला हवी. "पहिली तीन वर्षं इंग्रजी, मग रशियन" असं कोणी सांगितलं तर परत आल्यावर मान्यतेचा प्रश्न उभा राहतो, म्हणून विद्यापीठाकडून माध्यमाबद्दल लेखी घ्या. वर्ग इंग्रजीत असले तरी वॉर्डातली आजी रशियनच बोलणार, तेव्हा भाषा पहिल्या दिवसापासून शिकावीच लागते. शहरही नकाशावर पाहा. ऑगस्ट २०२४ मध्ये कुर्स्क भागात लढाई पोचली तेव्हा आपल्या दूतावासाने ब्र्यान्स्क, बेल्गोरोद आणि कुर्स्क इथल्या भारतीयांना तात्पुरतं दुसरीकडे जायला सांगितलं होतं. काझान किंवा त्याहून पूर्वेकडचं शहर आणि युक्रेनच्या सीमेलगतचं शहर यांना एकाच मापाने मोजू नका.

पायरी ३: विमानतळ आणि पहिले सात दिवस

विमानतळावर पासपोर्टबरोबर एक छोटी छापील चिठ्ठी मिळते. ती म्हणजे मायग्रेशन कार्ड. दिसायला साधी, पण परत निघेपर्यंत ती जपायची असते. मिळाल्याबरोबर फोटो काढा.

२०२५ पासून परदेशी सिमवर मोबाइल इंटरनेट पहिले २४ तास बंद ठेवतात. त्यामुळे "उतरल्यावर मॅप लावीन" हा विचार सोडा. जायचा पत्ता रशियन लिपीत कागदावर छापून घ्या, न्यायला येणाऱ्याचा नंबर वहीत लिहा. ड्रोनच्या भीतीने मॉस्कोचे विमानतळ अधूनमधून काही तास बंद होतात, म्हणून पुढची गाडी किंवा दुसरं विमान अगदी लगेचचं काढू नका.

त्यानंतर नोंदणी. परदेशी माणूस ज्या पत्त्यावर राहतो तिथे त्याची नोंद सात कामकाजाच्या दिवसांत व्हावी लागते. हॉटेल ती आपण होऊन करतं, होस्टेलात विद्यापीठ करतं आणि भाड्याच्या घरात घरमालकाने करायची असते. काही विद्यापीठं तीन दिवसांतच कागद मागतात, तेव्हा आल्याबरोबर ऑफिसात जा. नोंद झाली की फॉर्मचा खालचा, फाडून दिलेला तुकडा तुमच्याकडे राहतो. पोलिसाने मेट्रोत थांबवलं तर पासपोर्ट, व्हिसा, मायग्रेशन कार्ड आणि हा तुकडा, एवढं दाखवायचं. मध्ये सहलीला गेलात आणि दुसऱ्या शहरात हॉटेलात राहिलात तर तिथे नवी नोंद होते, मग परत आल्यावर पुन्हा नोंदणी लागते. हे मुलं हमखास विसरतात.

नोकरीसाठी आलेल्यांना ३० दिवसांत आणि शिकायला आलेल्यांना ९० दिवसांत बोटांचे ठसे आणि वैद्यकीय तपासणी करावी लागते. फेब्रुवारी २०२५ पासून मुदत उलटून राहिलेल्या परदेशी लोकांची एक यादी गृहमंत्रालयाच्या संकेतस्थळावर ठेवलेली असते. त्या यादीत नाव गेलं की गाडी चालवणं, लग्न नोंदवणं, बँकेतून मोठी रक्कम काढणं, सगळं अडतं. चुकूनही नाव गेलेलं असू शकतं, अधूनमधून तपासत राहा.

आता नावाबद्दल. इथे मी स्वतः पोळलेली आहे. माझ्या पहिल्या वर्षी पदवीचं भाषांतर करून घेतलं तेव्हा आडनावातला एक 'ह' गळाला. समजा आडनाव जाधव असेल तर व्हिसावर 'द्झाद्हाव' आणि भाषांतरात 'द्झादाव', एवढाच फरक. खिडकीतल्या बाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, नखाने ते एक अक्षर दाखवलं आणि म्हणाल्या, "ही दोन वेगळी माणसं आहेत." तीन आठवडे आणि नोटरीचे दुप्पट पैसे गेले. म्हणून व्हिसावर नाव रशियन लिपीत जसं लिहिलंय तसंच ते प्रत्येक भाषांतरात, बँकेत, करारात लिहायला लावा, अक्षर न अक्षर. फॉर्मवर वडिलांच्या नावाचा रकाना असतो. आपल्याकडेही मधलं नाव वडिलांचं, म्हणून हौसेने भरू नका. पासपोर्ट आणि व्हिसावर नावाचे भाग जसे आहेत तसेच ठेवा.

पायरी ४: पैसे आणि फोन

मार्च २०२२ पासून भारतात काढलेली व्हिसा आणि मास्टरकार्डची कार्डं रशियात चालत नाहीत. ना दुकानात, ना एटीएमवर. पहिल्या महिन्याचा खर्च डॉलर किंवा युरोच्या स्वच्छ, न दुमडलेल्या नोटांत आणा. रुपये बदलून मिळतील या भरवशावर राहू नका. रुबलचा भाव हल्ली साधारण एका रुपयाच्या आसपास असतो, त्यामुळे हिशेब डोक्यात करता येतो. बँकेत खातं उघडलं की 'मीर' कार्ड मिळतं. मोबाइल नंबरवरून पैसे पाठवायची सोय इथे आपल्या यूपीआयसारखीच रुळलेली आहे, भाजीवालीसुद्धा नंबर सांगते.

सिमकार्ड आता सहज मिळत नाही. २०२५ पासून परदेशी माणसाला मोबाइल कंपनीच्या दुकानात स्वतः जावं लागतं. 'स्निल्स' नावाचा विमा क्रमांक, सरकारी पोर्टलवर खातं आणि चेहऱ्याची-आवाजाची नोंद लागते, आणि सिम तुमच्या फोनच्या आयएमईआय क्रमांकाला जोडतात. स्टेशनबाहेर कोणी तयार सिम विकत असेल तर घेऊ नका, ते दुसऱ्याच्या नावावर असतं.

फेसबुक आणि इन्स्टाग्राम २०२२ पासून बंद आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामवरच्या कॉलवरही निर्बंध आले. घरी आई-वडिलांना हे आधीच समजावून सांगा, नाहीतर दोन दिवस फोन लागला नाही की तिकडे जेवण जात नाही. बोलायची दुसरी एखादी वाट निघण्याआधी ठरवून, दोन्ही फोनवर करून पाहा.

पायरी ५: घर

रशियन माणूस खोल्या मोजतो आणि त्यात स्वयंपाकघर धरत नाही. 'ओद्नुश्का' म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर, आपलं वन आरके. 'द्वुश्का' म्हणजे आपला वन बीएचके. तळमजल्याला ते पहिला मजला म्हणतात. "पाचवा मजला, लिफ्ट नाही" ही जुन्या पाच मजली इमारतींची गोष्ट आहे. सामान चार जिने चढवावं लागेल हे धरून चाला.

घर पाहायला गेलात की भाड्याच्याही आधी एक प्रश्न विचारा: नोंदणी करून द्याल का? बरेच मालक नाही म्हणतात. मग ते घर कितीही चांगलं असो, आपल्या कामाचं नाही. नोंदणी विकणारे दलाल भेटतात. ज्या पत्त्यावर तुम्ही राहत नाही तिथली नोंद खोटी धरतात आणि त्याची शिक्षा तुम्हाला होते.

आणखी एक कडू गोष्ट आधीच सांगते, म्हणजे धक्का बसणार नाही. घराच्या जाहिरातीत "फक्त स्लाव्ह लोकांना" असं लिहिलेलं दिसतं. मार्च २०२४ मध्ये मॉस्कोजवळ क्रोकस सिटी हॉलवर दहशतवादी हल्ला झाला. त्यानंतर बाहेरून आलेल्या, सावळ्या माणसाकडे बघण्याची नजर आणखी कडक झाली, तपासण्याही वाढल्या. मला पहिल्या वर्षी चार जणांनी फोनवर माझा उच्चार ऐकून घर नाकारलं. पाचव्या आजींनी दार उघडलं, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "राज कपूर माहीत आहे?" त्यांच्या घरात मी पाच वर्षं राहिले.

घर मध्यवर्ती पद्धतीने तापवतात. शरद ऋतूत सलग पाच दिवस सरासरी तापमान ८ अंशांच्या खाली राहिलं की शहराची यंत्रणा सुरू होते. तोपर्यंतचे काही दिवस घरात स्वेटर घालून बसावं लागतं, मग जानेवारीत लोक खिडकी किलकिली करून झोपतात. उन्हाळ्यात दुरुस्तीसाठी साधारण दहा ते चौदा दिवस गरम पाणी बंद असतं. तारीख दारावर लावतात. तेव्हा आपलं पातेलं आणि तांब्या कामाला येतो.

पायरी ६: नोकरी

कायदा कामगाराच्या बाजूने बराच स्पष्ट आहे, फक्त तो माहीत हवा. आठवडा ४० तासांचा. रजा वर्षाला २८ दिवस, त्यातला एक तुकडा किमान सलग १४ दिवसांचा. रजेचे पैसे रजा सुरू होण्याच्या किमान तीन दिवस आधी मिळायला हवेत. पगार महिन्यातून किमान दोनदा होतो. पहिल्या भागाला 'अवान्स' म्हणतात, ती उचल नाही, तुमचाच पगार आहे. चाचणीचा काळ साधारणपणे तीन महिन्यांपेक्षा जास्त नसतो.

"कागदावर कमी दाखवू, उरलेलं पाकिटात देऊ" असं सांगितलं तर नाही म्हणा. पाकिटातल्या पैशांची दाद कुठेच लागत नाही, आणि परमिट पगारावर अवलंबून असेल तर तेही धोक्यात येतं. करही आधी विचारून घ्या. वर्षात १८३ दिवस पूर्ण होईपर्यंत परदेशी नोकरदाराच्या पगारातून साधारणपणे ३० टक्के कापले जातात, नंतर दर १३ टक्क्यांपासून सुरू होतो. मोठ्या पगाराच्या तज्ज्ञांना पहिल्या दिवसापासून हा कमी दर लागतो. हातात किती येईल हा प्रश्न आकड्यात विचारायला लाजू नका, इथे तो उद्धटपणा मानत नाहीत.

ऑफिसात साहेबांना 'सर' म्हणायची पद्धत नाही. नाव आणि वडिलांचं नाव जोडून हाक मारतात: इव्हान पेत्रोविच, म्हणजे प्योत्रचा मुलगा इव्हान. महाराष्ट्रात आपण ज्याला सबंध नाव म्हणतो त्यातले पहिले दोन शब्द. मराठी माणसाला हे चटकन कळतं. 'ती' आणि 'वी' हा फरक म्हणजे आपलं तू आणि तुम्ही. अरे-तुरेवर यायचं असेल तर ते चक्क विचारतात, "दवायते ना ती?" तोपर्यंत तुम्हीच म्हणा. साशा नावाचा माणूस कागदावर अलेक्सांद्र असतो, दीमा हा दमित्री. पुरुष सकाळी एकमेकांशी हात मिळवतात, कोणाला वगळलं तर ते लक्षात राहतं. वाढदिवस ज्याचा असेल तोच केक आणतो. आणि शुभेच्छा आदल्या दिवशी देऊ नका, ते अशुभ मानतात.

"हे चुकलंय" असं ते तोंडावर सांगतात. आपल्याला ते लागतं. मी पहिले सहा महिने घरी येऊन रडायचे. नंतर कळलं की ते कामाला चूक म्हणत होते आणि पाच मिनिटांनी त्याच माणसाने चहा ओतून दिला होता, माझंच तिकडे लक्ष नव्हतं.

थंडी आणि जेवण

भारतातून जाड कोट आणू नका, इथे येऊन घ्या. आणायचं असेल तर आतले थर्मल कपडे आणा. पैसे बुटांवर खर्च करा. तळवा जाड आणि पकड असलेला हवा, कारण उणे वीसपेक्षा शून्याच्या आसपासचा निसरडा बर्फ जास्त हाडं मोडतो. मार्चमध्ये बर्फ वितळतो तेव्हा इमारतीच्या कडेने चालू नका, छपरावरून सुळके पडतात. कोटाच्या कॉलरला आतून एक छोटा नाडीचा फास असतो. तो तुटला असेल तर शिवून घ्या. नाट्यगृहात, विद्यापीठात, दवाखान्यात कोट बाहेर टांगायला द्यावाच लागतो. तिथल्या मावशी फास नसलेला कोट हातात घेऊन जे बोलतात, ते समजायला रशियन यावं लागत नाही.

जेवणात आपल्या ओळखीचं पुष्कळ आहे. शेपू तर सगळीकडे: बटाट्यावर, सूपमध्ये, काकडीत. ज्यांना लहानपणी शेपूची भाजी नको व्हायची त्यांनी मनाची तयारी करावी. 'मान्का' म्हणजे रवा, दुकानात कुठेही मिळतो, शिरा-उपमा चालू ठेवता येतो. वाटाण्याची डाळ 'गोरोख' नावाने मिळते. 'ग्रेच्का' म्हणजे कुट्टूचे अख्खे दाणे. तुपावर जिरं-मिरची घालून खिचडीसारखे शिजवा, थंडीत दुपार निघते. हिंग, गोडा मसाला आणि कढीपत्ता मात्र घरून आणा.

शाकाहाऱ्यांसाठी 'पोस्तनोये' हा शब्द सोन्यासारखा आहे. ईस्टरच्या आधीच्या उपवासात ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक मांस, अंडी, दूध सोडतात, त्या सात आठवड्यांत बऱ्याच उपाहारगृहांत असा वेगळा मेन्यू असतो. एरवी "मांस नको" म्हटलं तर कोंबडी पुढे येते, म्हणून मांस, कोंबडी, मासे तिन्ही नावं घेऊन नको म्हणा: ब्येझ म्यासा, ब्येझ कुरित्सी, ब्येझ रीबी. बीटाचं सूप दिसायला शाकाहारी असलं तरी पाणी बहुधा हाडांचं असतं.

लोक रागीट असतात का?

नाही. अनोळखी माणसाकडे बघून हसायची पद्धत नाही, एवढंच. विनाकारण हसणं हे मूर्खाचं लक्षण, अशा अर्थाची म्हणच आहे त्यांच्याकडे. दुकानातल्या बाईंना हाक मारायची तर, वय पन्नास असलं तरी 'देवुश्का', म्हणजे मुली. काकू, आजी म्हणून आपुलकी दाखवायला जाल तर समोरची दुखावते.

कोणी घरी बोलावलं तर रिकाम्या हाताने जाऊ नका. केक, चॉकलेट, चहा, काहीही चालतं. फुलं नेलीत तर विषम संख्येत, सम संख्येची फुलं मृताला वाहतात. आपण आहेराला वर एक रुपया ठेवतो ते आठवा, चूक होणार नाही. उंबरठ्यावर उभं राहून हात मिळवू नका, आत या किंवा त्यांना बाहेर येऊ द्या. चपला दारातच काढायच्या, हे आपल्याला शिकवावं लागत नाही. फक्त पुढे घरातल्या सपाता देतात, त्या घाला.

युद्धाबद्दल काय बोलायचं? सार्वजनिक ठिकाणी आणि इंटरनेटवर काहीही नाही. मार्च २०२२ पासून सैन्याविषयी 'खोटी माहिती' पसरवण्यावर १५ वर्षांपर्यंत तुरुंगवासाचा कायदा आहे, आणि परदेशी माणूस त्यातून सुटत नाही. लष्करी गाड्या, पूल, ड्रोनने पेटलेली इमारत, यांचे फोटो काढू नका, कुठे पाठवू नका. जवळच्या माणसांनी आपणहून विषय काढला तर ऐकून घ्या. मी ज्यांच्याकडे जाते त्यातल्या कित्येक घरांत कोणी ना कोणी युद्धावर गेलेलं आहे, किंवा देश सोडून गेलेलं आहे.

हे नंबर फोनमध्ये आणि कागदावरही ठेवा: सगळ्या संकटांसाठी ११२, पोलीस १०२, रुग्णवाहिका १०३. भारताचा दूतावास मॉस्कोत आहे, आणि सेंट पीटर्सबर्ग, व्लादिवोस्तोक, काझान आणि येकातेरिनबर्ग इथे वाणिज्य दूतावास आहेत. आल्या आल्या आपली नोंद तिथे करून ठेवा. मॉस्कोत असाल तर पहिल्या मोकळ्या रविवारी परदेशी वाङ्मयाच्या सरकारी ग्रंथालयाकडे चालत जा. तिथे २०२२ पासून अण्णाभाऊ साठ्यांचा पुतळा आहे. मी एकदा बर्फात तिथे उभी होते, तेव्हा एका शाळकरी मुलीने मला विचारलं की हे कोण. मी तिला रशियनमध्ये सांगितलं.

आणि मला घर देणाऱ्या त्या आजींनी पहिल्या शरद ऋतूत मला ब्लॅककरंटच्या मुरंब्याची बरणी दिली. संपल्यावर मी ती घासूनपुसून परत न्यायला निघाले आणि दारातच थांबले. आपल्याकडे शेजारणीचा डबा रिकामा परत करत नाहीत. शेजारच्या मुलीला विचारलं, तर ती म्हणाली, आमच्याकडेही नाही करत. मग लिंबं आणली, मीठ-तिखट घातलं आणि बरणी भरून दिली. आजींनी लोणचं उकडलेल्या बटाट्याला लावून खाल्लं, पाणी प्यायल्या, डोळे पुसले आणि बरणी फ्रीजमध्ये वरच्या फळीवर ठेवली.